एका शेअरमागे एक प्रश्न

लालबाग, बुऱ्हाणपूर
९ जून २०२५

प्रिय पुनी,

रविवारी आपल्या दोघींची डोकी धुऊन झाली की बंब निवायला ठेवायचा आणि मग त्याच्या आतला पांढरा थर खरवडायचा, हे काम तुझं होतं. आठवतं? फ्रॉकचा घेर मांड्यांत खोचून तू मोरीत बसायचीस. हातात तो दांडा वाकलेला चमचा. निघालेल्या खपल्या तू आईच्या पावडरच्या रिकाम्या डब्यात भरायचीस आणि म्हणायचीस, "ही माझी खाण आहे." मी दारात उभी राहून तुला इंग्रजी कविता म्हणून दाखवायची, कारण सोमवारी सिस्टर बेनिग्ना विचारणार असायच्या. तू ऐकत नव्हतीस, हे मला तेव्हाही कळत होतं.

काल माळ्यावर तो डबा सापडला. तुझी खाण आहे तशी आहे. बंब आता कुणी पेटवत नाही, पण जमिनीखालून येणारं कुंडी भंडाऱ्याचं पाणी तेच, त्यामुळे माझ्या किटलीला थर चढतोच.

वीस किलोमीटरवरच्या बहिणीला मी पत्र लिहिते आहे हे माझ्याकडे कामाला येणाऱ्या सरूबाईला फार विनोदी वाटलं. धुण्याची बादली खाली ठेवून म्हणाली, "बाई, अकरानी बस पकडा ना! बारा वाजता तठे." पोस्टातला माणूस म्हणाला, हे पत्र आधी खंडव्याला जाईल आणि मग उलटं तुझ्या गावाला येईल. जाऊ दे. मलाही थेट यायला जमलेलं नाही.

कामाचं सांगते. अप्पांनी चौऱ्याण्णव साली तेल कंपनीचे शेअर घेतले ते आपल्या दोघींच्या नावावर. कागदी शेअर आता चालत नाहीत, ते खात्यात चढवावे लागतात. त्यासाठी दोघींच्या सह्या हव्यात. माझा जुना विद्यार्थी निलेश, ज्याला मी सातवीत दोनदा वर्गाबाहेर उभं केलं होतं, तो आता शेअरचं काम करतो. त्याने फॉर्म भरून दिला आहे. पेन्सिलीने फुली केली आहे तिथे सही कर.

विकायचे की ठेवायचे ते नंतर बघू. तुझं मत मला माहीत आहे. सहा वर्षांपूर्वी तू ते तुमच्या अंगणात, तुझ्या लीलाधररावांच्या आणि मजुरांच्या देखत सांगितलंस. "ज्या तेलाच्या धुरानं आभाळ तापतंय, त्या तेलाचं गोड मी खाणार नाही, ताई." आणि मी आणलेली मावा जिलेबी तू गाईपुढे ओतलीस. गाईने मात्र काही तत्त्व बघितलं नाही.

कंपनीने एका शेअरमागे एक शेअर फुकट दिला होता, म्हणून मी आनंदाने आले होते. आदल्या संध्याकाळी वादळ झालं आणि तुमची केळीची सगळी बाग आडवी झाली, हे बसमधून उतरेपर्यंत मला माहीत नव्हतं, पुनी. तू ते कधी ऐकूनच घेतलं नाहीस.

फॉर्म लवकर पाठव. माझी तब्येत उत्तम आहे. गुडघे सोडून.

तुझी,
ताई


लालबाग
२७ जुलै २०२५

प्रिय पुनी,

फॉर्म मिळाला. सोबत एक ओळ असेल म्हणून मी पाकीट फाडून उलटं झटकलं. केळीच्या सालीचा वाळका तुकडासुद्धा पडला नाही. असो. सही केलीस, एवढं पुष्कळ. अक्षर अजून तसंच सुरेख आहे तुझं.

आज एक बातमी सांगायला लिहिते आहे. बस, आधी खाली बस.

आपल्या कंपनीने योजना जाहीर केली आहे. कारखान्याच्या चिमणीतून जो वायू हवेत जातो, ज्याने हवा तापते, तो चिमणीतच पकडायचा, दाबून नळातून न्यायचा आणि जमिनीखाली खोल, रिकाम्या झालेल्या तेलविहिरींत कायमचा ठेवायचा. मी कंपनीचं वार्षिक पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचलं. त्यात जमिनीचं चित्र आहे, थरावर थर, भूगोलाच्या पुस्तकात असायचं तसं. चित्रात वरती हिरवं गवत आणि एक गाय आहे. मला तुझी गाय आठवली.

सरूबाईला समजावून सांगितलं तर ती कमरेवर हात ठेवून हसली. "धूर काय जमीनमा पुरतस का, बाई? तुम्ही बी ना!" निलेश मात्र खूश आहे. "मिस, एकदम नई थीम आहे. पकडून ठेवा, छोडना मत." मी त्याला म्हटलं, वाक्य एका भाषेत सुरू केलंस की त्याच भाषेत संपव. म्हणाला, "हो मिस, सॉरी मिस," आणि पुढचं वाक्य पुन्हा तसंच बोलला.

निवृत्तीच्या पैशातून मी आणखी शंभर शेअर घेतले. फक्त माझ्या नावाने, तुला विचारायला नको म्हणून. मला वाटलं, कंपनीला तुझं म्हणणं उशिरा का होईना पटलं, तर आपण तिच्या पाठीशी राहायला हवं. खरं सांगायचं तर मला वाटलं, आता तरी तुझ्या अंगणात मला येता येईल.

आणि ऐक. शेअरवाल्यांची वार्षिक सभा हल्ली कॉम्प्युटरवर होते. घरबसल्या बोलता येतं, आधी नाव द्यावं लागतं. मी नाव दिलं आहे! निलेशने विचारलं, "मिस, आप क्या बोलोगे?" मी म्हटलं, अभिनंदन करीन आणि एक छोटा प्रश्न विचारीन. सभा अठ्ठावीस ऑगस्टला आहे. त्या दिवशी सकाळी अकरा वाजता माझी आठवण काढ. आईची ती अबोली नऊवार कापून केलेली पाचवार नेसणार आहे.

लीलाधररावांना नमस्कार. अश्विनी इंदूरला कॉलेजात शिकवते असं ऐकलं, आणि चंदन बाग बघतो. तुझ्या मुलांच्या बातम्या मला भाजीवाल्याकडून कळतात, हे काही बरं नाही.

तुझी,
ताई


लालबाग
३० ऑगस्ट २०२५

प्रिय पुनी,

सभा झाली. सगळं सांगते, मग तू ठरव.

सरूबाईला कुकर लावू नको म्हणून बजावलं होतं. तिने लावला. माझ्या आधी कोलकात्याचे एक गृहस्थ बोलत होते. त्यांनी अध्यक्षांना सूर्याची उपमा दिली आणि शेवटी, पूर्वी सभेला खाऊचा डबा मिळायचा तो बंद का केला, असं विचारलं. मग माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले. उभं राहिल्यावर पडद्यावर फक्त माझं पोट दिसत होतं म्हणे. निलेश बाजूने कुजबुजला, "मिस, बैठके, बैठके." मी बसले आणि म्हटलं, "गुड मॉर्निंग, सर," आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.

अभिनंदनाचं भाषण मी पाठ केलं होतं, पण त्या शिट्टीने सगळं गेलं. मग मनात होतं तेच विचारलं. म्हटलं, मी बुऱ्हाणपूरची. आमच्या गावाच्या पोटात चारशे वर्षं पाणी वाहतं आहे. डोंगरातून झिरपतं, जमिनीखालच्या बोगद्यातून येतं, वर विहिरींची रांग आहे. पण ते आपोआप चालत नाही. आतल्या भिंतींवर पांढरा थर चढतो, वाट बुजत जाते. कुणीतरी उतरून बघावं लागतं. माझी धाकटी बहीण लहानपणी बंबातला तोच थर खरवडायची. तर तुम्ही जमिनीखाली जे ठेवणार, त्याकडे चारशे वर्षं कोण बघणार? चमचा कुणाच्या हातात असणार?

मग अध्यक्ष हसले. चांगलं हसले, चेष्टेने नाही. एका अधिकाऱ्याने उत्तर दिलं. मी वहीत उतरवून घेतलं, सिस्टर बेनिग्नांच्या तासाला घ्यायचो तसं. देखरेख कुणी आणि किती वर्षं करायची, याचे नियम अजून व्हायचे आहेत. सुरुवातीला चिमणीतल्या धुराचा अगदी थोडा भाग पकडला जाईल. आणि तो वायू जुन्या तेलविहिरींत सोडला की खाली अडकून राहिलेलं तेल वर यायला मदत होईल, त्यामुळे योजना परवडेल.

मी विचारलं, "म्हणजे वायू आत घालून आणखी तेल बाहेर काढणार?"

ते म्हणाले, "पहिल्या टप्प्यात, होय मॅडम." माणूस प्रामाणिक होता. माझी तीन मिनिटं संपली.

ही गोष्ट त्या पुस्तकातही होती, पुनी. मागच्या पानांवर, बारीक अक्षरात. मी अथपासून इतिपर्यंत वाचलं असं तुला लिहिलं, ते खरं नव्हतं. गायीच्या चित्रापर्यंत वाचलं आणि थांबले.

निलेश म्हणाला, "मिस, भाव तो बढ़ेगा, तुम्ही कशाला मनाला लावून घेता?" भाव वाढेलही. मी त्याला पोहे दिले आणि घरी पाठवलं.

मी दुःखी नाही. आपण विचारलं तर मोठी माणसं उत्तर देतात, हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळलं. पण ज्या बातमीच्या आधाराने मी तुझ्या अंगणात यायचं म्हणत होते, ती बातमी मला वाटली तेवढी मोठी निघाली नाही. ते तुला माझ्याच तोंडून कळावं म्हणून लिहिलं.

तुझी,
ताई


लालबाग
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय पुनी,

तुझं कार्ड आलं. "म्हणजे विहिरीत कचरा टाकून पाणी उपसायचं. वाचून हसले." दोनच वाक्यं. सहा वर्षांतली पहिली. मी ते कार्ड किटलीला टेकवून ठेवलं आहे, चहा करताना दिसतं.

आणि आता मला जे लिहायचं आहे त्याने ते हसू जाईल की काय, अशी भीती वाटते. पण लिहायलाच हवं, कारण फॉर्म परत आला आहे. कंपनीचं म्हणणं, माझी सही जुळते. तुझी जुळत नाही.

तुझी खरी सही जुळत नाही, कारण चौऱ्याण्णव साली फॉर्मवर ती मी केली होती. तू नुकतीच लग्न होऊन गेली होतीस. शेअरच्या अर्जाचा तो शेवटचा दिवस होता, बँकेबाहेर रांग, आणि अप्पा घामाने निथळत म्हणाले, "रजने, दोघींचं अक्षर सारखंच. कर तिची सही, कुणाला कळतंय?" अक्षर सारखं होतं खरं. एकाच सिस्टरने एकाच पट्टीने मारून शिकवलेलं. मी तुझ्या पूर्णिमा या नावातल्या 'पू'ला माझ्या सहीसारखी खालून शेपटी दिली. तू ती कधीच देत नव्हतीस. एकतीस वर्षांनी त्या शेपटीने मला पकडलं.

त्यानंतरही तीनदा केली, पुनी. बँक बदलली तेव्हा, पत्ता बदलला तेव्हा, आणि अप्पा गेल्यावर. दर वेळी वाटलं, वीस किलोमीटर कशाला जा. शेअरवर दर वर्षी येणारे पैसे मी तुला नेहमी अर्धे पाठवले, तू परत पाठवायला लागेपर्यंत. पण तुला विचारलं कधीच नाही. तुझ्या नावावर तेल होतं, आणि ते तुझ्या हाताने नव्हतं.

आता आणखी एक. शाळेत ख्रिस्ती मुली कन्फेशनला जायच्या आणि आपण बाहेर चिंचा खात उभ्या असायचो. तू विचारायचीस, त्या आत जाऊन काय सांगतात? मी म्हणायची, सगळं. तर सगळंच सांगते.

वादळाचं मला माहीत होतं. जिलेबीच्या दिवशी. सकाळी सहाला लीलाधररावांचा फोन आला होता. "ताई, बाग गेली. पूर्णिमा बोलत नाही कोणाशी. तुम्ही या." मी तुझ्यासाठीच निघाले. वाटेत दुकान उघडं होतं, कढईतून जिलेबी निघत होती, आणि माझ्या डोक्यात आलं, शेअर दुप्पट झाले म्हणजे पुनीचेही झाले. बाग गेली त्याची ही भरपाई. देवाने एका हाताने नेलं, दुसऱ्याने दिलं. गोड घेऊन जावं. मला खरंच तसं वाटलं. आडव्या पडलेल्या केळींतून चालत मी जिलेबी घेऊन तुझ्यापाशी आले, कच्चे घड चिखलात पडले होते, आणि तरी मला ते चुकीचं वाटलं नाही. तू डबा ओतलास तेव्हा कळलं. कळलं म्हणूनच मग मला माहीत नव्हतं असं म्हणायला लागले.

निलेश म्हणतो, आता एकच मार्ग. तुझं खातं आहे त्या बँकेत आपण दोघींनी एकत्र जायचं आणि मॅनेजरसमोर तू नवी सही करून द्यायची. शाखा इथेच, बाजारात आहे. सोमवार ते शुक्रवार. मी रोज अकराच्या सुमारास बँकेसमोरच्या बाकावर बसणार आहे. तू नाही आलीस तरी मला तिथे बरं वाटेल, बाजार बघायला मिळतो.

ताई


लालबाग
६ नोव्हेंबर २०२५

प्रिय पुनी,

दिवाळीत तुझ्याकडे चार दिवस राहून आले, तरी पत्र लिहायची सवय लागली ती लागलीच. शिवाय निलेशने वारसाचा फॉर्म आणून टाकला आहे आणि पुढच्या महिन्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. मी काही जायला टेकलेली नाही. पण नीट दिसतंय तोवर नीट लिहून ठेवावं.

बँकेतली गोष्ट मी सरूबाईला आतापर्यंत पाच वेळा सांगितली. मी चौथ्या दिवशी बाकावर बसलेली, तू लीलाधररावांच्या मोटारसायकलवरून उतरलीस, माझ्या हातातली पिशवी घेतलीस आणि पुढे चालायला लागलीस. तो कोवळा मॅनेजर दोन्ही सह्या बघून गोंधळला. "आंटी, इसमें पूर्णिमा जी कौन हैं?" तू म्हणालीस, "पूर्णिमा मी. पन सही हिची." आणि वर, "तिला दम द्या थोडा, साहेब. आमच्याकडे कोन्ही देत नाही." तो बिचारा हसू की नको अशा तोंडाने बघत राहिला. मला मात्र रडू आलं, तू पदर पुढे केलास आणि म्हणालीस, "तुझ्या सहीतली शेपटी चांगली आहे, मी ठेवते आता."

आणि दिवाळीत मी पुन्हा मावा जिलेबी आणली. तू एक खाल्लीस, एक गाईला दिलीस. "तिची सवय मोडायला नको."

मी तर सगळे शेअर विकायला निघाले होते, तुला आवडेल म्हणून. त्या रात्री ओट्यावर तूच म्हणालीस, "सगळे नको विकू, ताई. विकले की आपण बाहेरचे. बाहेरच्याला कोन उत्तर देतं? तू विचारलंस म्हणून तो माणूस बोलला." हे तू म्हणशील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. चंदनने बाजूने विचारलं, "मावशी, एकच शेअर असला तरी विचारता येतं का?" मी सांगितलं, येतं. नाव द्यायचं, तीन मिनिटं मिळतात.

म्हणून आता असं केलं आहे, आणि पुढेही असंच व्हावं.

चार शेअर ठेवले, बाकी विकले. जुन्यातले अर्धे पैसे तुझे. ते तुझ्या खात्यात आले असतील. या वेळी परत पाठवू नकोस, पोस्टाचा खर्च होतो.

माझ्या पैशातून तुमच्या बागेच्या पश्चिमेला शेवरीची दाट रांग लावायची, वारा अडवायला. चंदनला बी घ्यायला सांगितलं आहे. तेलाच्या पैशाची शेवरी तुला चालेल का, असं मी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "झाडाला काय कळतं?" गाईसारखंच. त्यातून उरेल ते सरूबाईच्या घराच्या छताला.

चार शेअरपैकी एक अश्विनीला. तिने दर वर्षी सभेत विचारायचं, चिमणीतला किती धूर पकडला, आणि आकडा वहीत लिहायचा. एक चंदनला. त्याने विचारायचं, वायू आत घालून तेल किती काढलं. एक सरूबाईची नात कविता हिला. ती आपल्याच शाळेत आठवीत आहे, इंग्रजी धीट बोलते. तिने माझा प्रश्न विचारायचा, देखरेख कोण करणार. नियम झाले तर विचारायचं, करतात का. ती अठराची होईपर्यंत तो शेअर सरूबाईच्या नावावर राहील. सरूबाई म्हणाली, "माले शेअर नको, बंब द्या." तर बंबही तिला. तांब्याचा आहे, मोडीत घालू नये असं मी सांगितलं आहे, पण ती घालणार.

चौथा शेअर आपल्या दोघींच्या नावावर तसाच राहू दे. अप्पांची आठवण.

वह्या, शब्दकोश आणि सिस्टर बेनिग्नांनी दिलेलं पेन निलेशला. त्याला सांग, मिसने सांगितलंय, वाक्य एका भाषेत संपव.

आईची अबोली साडी अश्विनीला.

पावडरचा डबा तुला. अश्विनी म्हणाली, त्या खपल्या म्हणजे तोच वायू आहे, पाण्यात विरघळून दगड झालेला. तुझी खाण खरी होती, पुनी, आणि मी दारात उभी राहून कविता म्हणत होते. वाकलेला चमचाही आत ठेवला आहे.

आणि माझी सही, तीही तुला. ऑपरेशननंतर महिनाभर मला लिहायला वाचायला मनाई आहे. कुठे कागद आला तर करून टाक. अक्षर सारखंच आहे, शेपटी तुला आता येते. विचारायला वीस किलोमीटर येऊ नकोस.

नाही, ये. अकराची बस बाराला पोचते.

तुझी,
ताई